पांढऱ्या प्लेटची पिकअप वस्तीवर आली

मंडळी, गेले नऊ महिने मला रस्त्यात थांबवून एकच प्रश्न विचारला जातो. आळेफाट्यावर चहा घ्यायला उतरलो की विचारतात, नारायणगावच्या मार्केटला क्रेट उतरवताना विचारतात, परवा तर एका लग्नात अक्षता पडायच्या आत एका पाहुण्याने विचारले, "ही गाडी कशीय? घेण्यासारखी आहे का?" प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून तोंड दुखले, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझे कुठल्या कंपनीशी देणेघेणे नाही आणि मी गाड्यांतला जाणकारही नाही. टोमॅटो, कांदा आणि थोडे भात करणारा माणूस आहे. जे अंगावर आले तेवढेच सांगणार.

गाडी आहे इसुझू कंपनीची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. पुढून पाहिले तर पाच माणसांची मोठी जीप, मागून पाहिले तर हौदा. ही गाडी आपल्याकडे २०१६ साली विक्रीला आली. आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात तयार होते. माझी २०१८ चे मॉडेल आहे, जानेवारी २०२५ मध्ये मी ती जुनी घेतली. इंजिन अडीच लिटरचे डिझेल, १३४ अश्वशक्तीचे. पण खरी गोष्ट पुढच्या चाकांत आहे. गिअरच्या दांड्याजवळ एक गोल बटण आहे, ते फिरवले की मागच्या दोन चाकांबरोबर पुढची दोन्हीही ओढायला लागतात. त्या बटणासाठी मी साडेअकरा लाख रुपये मोजले, असे आमची मंडळी म्हणतात. ते खोटे नाही.

का मोजले ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आमचे मूळ घर माळशेजच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर. कल्याण-नगर रस्त्यापासून आत अडीच किलोमीटर. त्यातला पहिला अर्धा किलोमीटर खडीचा, उरलेली दोन किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात त्यावरून मोटारसायकल काय, नवरीची गाडीही येते. मृग लागला की त्याच वाटेचा रेंदा होतो. २०२४ च्या आषाढात रात्री साडेनऊला आईला गोठ्यात घोणस चावली. वैरण टाकायला गेली होती, अंधारात पाय पडला. माझी जुनी जीप पहिल्याच चढाला आडवी झाली. शेजारचा ट्रॅक्टर खालच्या रानात राहिलेला. शेवटी घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघांनी आईला खांद्यावर आणले. डांबरीला यायला एक तास दहा मिनिटे लागली. मी घड्याळ बघत होतो म्हणून सांगतो. आई वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: एक, चावल्या जागी कापू नका, आवळून बांधू नका, माणूस हलू देऊ नका, आणि दोन, लवकर आणा. पहिली गोष्ट आपल्या हातात आहे. दुसरी रस्त्याच्या हातात होती.

पैशाचे म्हणाल तर २०२३ च्या जुलैतले टोमॅटो आठवा. त्याच वर्षी उन्हाळ्यात तोडणीची मजुरी निघत नव्हती म्हणून लोकांनी माल बांधावर ओतला, आणि दोन महिन्यांत क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. ज्याच्या रानात तेव्हा माल होता त्याचे चांगभले झाले. माझा होता थोडा. ते पैसे, जुन्या जीपचे आलेले पैसे, आणि वर पाच लाखांचे पतसंस्थेचे कर्ज. हप्ता तेरा हजारांच्या वर जातो. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुनी गाडी घेताना मी एक शहाणपणा केला. ओळखीचा फिटर बरोबर नेला आणि गाडी खड्ड्यावर घेऊन खालून पाहिली. अशा गाड्या हौशी लोक नदीपात्रात, समुद्रकाठी पळवतात. वरून रंग चकचकीत आणि खाली चासीला गंज, असा प्रकार असतो. मागचे पाटे मोजून बघावेत, एखादा तुटलेला नाही ना. पुढच्या चाकांना ओढ देणारा शाफ्ट, त्याची रबरं बघावीत. आणि मुख्य म्हणजे मालकाला सांगून गाडी मोकळ्या मातीत न्यावी, चारी चाके लावायला सांगावी. डॅशवरचा दिवा लागला म्हणजे चाके लागली असे धरू नका. माती कोणत्या चाकाखालून उडते ते उतरून बघा. आम्ही पाहिलेल्या पहिल्या गाडीत दिवा लागत होता आणि पुढची चाके झोपलेली होती. विकणारा म्हणाला, "कधी लागलीच नाहीत." ते मात्र तो खरे बोलला.

कागदांचेही तसेच. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी फॉर्म ३५ लागतो. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आणायची असेल तर ना-हरकत दाखला आधी हातात घ्या, पैसे नंतर द्या. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवा. नाहीतर समोरच्याच्या नुकसानीचे संरक्षण राहते, पण तुमच्या गाडीला काही झाले तर भांडत बसाल.

आता गाडीची गोष्ट. पहिल्या आठवड्यात, खरं सांगायचं तर, माझा विरस झाला. रिकामी गाडी मागून उडते. मागे पाटे आहेत, ते वजनासाठी केलेले. हौदा मोकळा असला की खडीच्या रस्त्यावर मागच्या सीटवरची माणसे टपाटप उडतात. आमच्या चुलत्यांनी तर सांगितले, "पोरा, यापेक्षा आपली बैलगाडी मऊ." हौद्यात पाच-सहा गोण्या टाकल्या की मात्र तीच गाडी शहाण्यासारखी बसून चालते. तेव्हापासून पावसाळाभर मुरमाच्या सहा गोण्या कायम मागे, दोरीने आवळून. चिखलात त्याचा दुसराही फायदा होतो, तो पुढे येईल.

लांबी सतरा फुटांच्या वर आहे. गावातल्या बोळात, देवळापुढच्या पारापाशी ती एका दमात वळत नाही. दोनदा मागेपुढे करावे लागते आणि तेवढ्यात चार माणसे हात दाखवायला जमतात, प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. मागचे दिसत नाही. वासरू, पोर, कोंबडी काहीही असू शकते. मी घरच्या प्रत्येकाला सांगून ठेवले आहे, रिव्हर्स घेताना एक जण खाली उतरेल म्हणजे उतरेल.

पोटाखालची उंची सव्वादोनशे मिलिमीटर, म्हणजे आपली एक वीत. पाणंदीच्या मधल्या उंचवट्याला साधी कार घासते, ही घासत नाही. पण वीत म्हणजे वीतच. बांध ओलांडून खाचरात उतरायचा विचार असेल तर सोडून द्या.

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, माल किती नेते? इथे तुमचा आणि माझा दोघांचा गैरसमज होतो. हौदा टेप लावून मोजला, लांबीला पाच फुटांना थोडा कमी. कारण पुढची जागा पाच माणसांनी खाल्ली आहे. टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट नीट रचले तर वीस-बावीस बसतात. आपली नेहमीची दोन सीटची पिकअप साठ-सत्तर क्रेट घेऊन नारायणगावला जाते आणि घेताना ती निम्म्या पैशात येते. मग हिशेब करा. ज्याला फक्त माल न्यायचा आहे त्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये. माझा सगळा माल अजूनही भाड्याच्या पिकअपमधूनच जातो. ही नेते ती खते, औषधे, ठिबकच्या नळ्या, पंप, आणि उरलेसुरले शेवटच्या तोड्याचे क्रेट.

शिवाय हौद्यात मावते म्हणजे चालते असे नाही. गाडीची पासिंग खासगी आहे, पांढरी प्लेट. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक हाच तुमचा हक्क, आणि त्यात बसलेली माणसेही आली. स्वतःचा माल स्वतःच्या गाडीतून न्या. पण शेजाऱ्याचे क्रेट भाडे घेऊन पांढऱ्या प्लेटवर न्यायला लागलात, तर दंड बाजूला राहू द्या, अपघात झाला तर विमा हात वर करील. ज्यांना भाड्याचा धंदा करायचा आहे त्यांनी पिवळ्या प्लेटचीच गाडी घ्यावी. या निमित्ताने एक चांगली गोष्ट सांगतो, अजून पुष्कळांना ठाऊक नाही. पिवळ्या प्लेटची पिकअप चालवायला साधे हलक्या वाहनाचे लायसन पुरते, वेगळा बॅज-शिक्का लागत नाही. भरलेल्या गाडीचे वजन साडेसात हजार किलोपर्यंत असले म्हणजे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. एखादा एजंट शिक्क्यासाठी पैसे मागत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

आता त्या बटणाकडे येऊ. त्यावर तीन खुणा आहेत. पहिलीत फक्त मागची चाके ओढतात. डांबरीवर हीच ठेवायची. दुसरीत चारी चाके, नेहमीच्या वेगात. ही चालत्या गाडीत टाकता येते. तिसरीत चारी चाके, पण हळू आणि दुप्पट जोराने. त्यासाठी गाडी पुरती थांबवून, न्यूट्रल करून मग फिरवायचे. समजायला बैलांचे उदाहरण घ्या. पहिली म्हणजे एक जोडी, दुसरी म्हणजे दोन जोड्या, तिसरी म्हणजे दोन जोड्या आणि औत अगदी सावकाश.

यात मी केलेली पहिली चूक अशी की, चारी चाके लावली की गाडी चांगली चालते या समजुतीने तशीच डांबरीवर आणली. वळणावर गाडी अडखळायला लागली, कुणीतरी मागून धरल्यासारखी. फिटरने शिव्याच घातल्या. चारी चाकांच्या वेळी पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेला असतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते. मातीत चाक थोडे घसरून हिशेब मिटवते, डांबरीवर घसरायला जागा नाही, मग ताण सगळा गिअरवर येतो. तेव्हा माती संपली की बटण माघारी. आता हे माझ्या हाताला बसले आहे.

दुसरी चूक मोठी, आणि सगळ्या वस्तीसमोर झाली. २०२५ ला पावसाने मे महिन्यातच गाठले, तुम्हाला आठवत असेल. कांद्याच्या चाळी शाकारायलाही सवड दिली नाही. मे अखेरीला मी मोठ्या डौलात गाडी पाणंदीवर घातली. बघायला पोरेटोरे, म्हातारी माणसे सगळी. पहिला चढ गाडीने असा घेतला की टाळ्या पडल्या. दुसऱ्या वळणावर, जिथे ओढ्याचे पाणी वाटेवर येते, तिथे उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक एकदम खोलात गेले, आणि संपले. चार चाके ओढतात म्हणतात, पण प्रत्येक जोडीत ज्या चाकाला पकड नाही तेच आधी फिरते, आणि पकड असलेले नुसते बघत राहते. वर टायर होते शहरातले, हायवेचे. त्यांच्या नक्षीत चिखल भरला आणि टायर झाले माठासारखे गुळगुळीत. मी एक्सिलेटर दाबला तशी गाडी आणखी खाली बसली. शेवटी शेजारच्या आबांनी बैलजोडी आणली, चऱ्हाट लावले आणि साडेअकरा लाखांची गाडी दोन बैलांनी बाहेर काढली. आबा काही बोलले नाहीत. बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हसले, तेवढे पुरे झाले.

त्या दिवसानंतर शिकलो. चिखलात शिरायच्या आधी बटण फिरवायचे, रुतल्यावर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये एका चालीने जायचे, मध्ये थांबायचे नाही, एक्सिलेटर पिळायचा नाही. टायरची हवा वीस पौंडांपर्यंत उतरवायची म्हणजे टायर पसरून बसतो. डांबरीवर आले की पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. मागच्या गोण्यांचे वजन मागच्या चाकांना जमिनीला धरून ठेवते. आणि जूनमध्ये पन्नास हजार घालून चार खरबरीत टायर घेतले. मला विचाराल तर बटणापेक्षा टायरनेच जास्त काम केले.

उताराचे वेगळे. चढायला चार चाके मदत करतात, थांबायला करत नाहीत. ब्रेक कुठल्याही गाडीला चारी चाकांवरच असतो. ओल्या मुरमाच्या उतारावर ही गाडी इतर गाडीइतकीच घसरते, उलट जड म्हणून जास्तच. तिथे तिसरी खूण लावायची, पहिला गिअर, पाय दोन्ही उचलून धरायचे आणि इंजिनलाच गाडी आवरू द्यायची. मुंगीच्या पावलाने उतरते.

याचीच परीक्षा जुलैत झाली. रात्री पाऊणच्या सुमारास खालच्या घरची सून अडली. पाऊस असा की पुढचे दिसेना. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, पण डांबरीला थांबली. तिने वर यायचे कसे? तिचा काही दोष नाही. सुनेला मागच्या सीटवर सासूच्या मांडीवर निजवले, आबा पुढे बॅटरी घेऊन चालत, मी त्यांच्या मागे तिसऱ्या खुणेवर. ओढ्याच्या वळणाला आबांनी हात वर करून थांबवले, काठी पाण्यात घालून पाहिली, पाणी गुडघ्याच्या खाली आणि साचलेले, वाहते नाही, अशी खात्री केली आणि मग हात हलवला. माझी पाठ घामाने भिजली होती, पावसाने नव्हे. अठरा मिनिटांत डांबरीला आलो. पहाटे मुलगी झाली.

वाहते नाही, हे शब्द पुन्हा वाचा. ऑगस्टमध्ये ओतूरकडून येताना एका फरशीवरून पाणी चालले होते, तेव्हा मागच्या गाडीतली पोरे ओरडत होती, "काका, तुमची फोर बाय फोर आहे, घाला की!" मी दीड तास थांबलो. फूटभर वाहते पाणी लहान कारला वाहून नेऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. पाण्यात गाडीचे वजन कमी होते, मग चाके चार ओढोत नाहीतर दोन. आणि दरड आली तर कसली गाडी? ३० जुलै २०१४ चे माळीण आपल्या शेजारच्या तालुक्यातलेच. त्या दिवसापासून आमच्याकडे रात्रभर पाऊस लागला की म्हातारी माणसे झोपत नाहीत. गाडी दारात उभी आहे म्हणून मीही झोपतो असे नाही.

खर्चाचे सांगतो आणि आटोपतो. हायवेला लिटरला बारा किलोमीटर देते, वस्तीच्या वाटेवर नऊसुद्धा नाही. तालुक्याला कंपनीचे वर्कशॉप नाही. तेल-फिल्टर आमचा फिटर करतो, मोठे काम निघाले तर दिवस मोडून शहर गाठावे लागते. हप्ता, डिझेल, विमा धरून महिन्याला बावीस-तेवीस हजार जातात. गाडी मला त्यातले एक पैसाही परत देत नाही. तीन एकर टोमॅटोवर हे ओझे आहे, आणि एखाद्या वर्षी भाव पडला तर ती विकावी लागेल, हे मी घरात सांगून ठेवले आहे. त्या रात्रीनंतर वस्तीवरच्या अकरा घरांचा माझ्यावर हक्क झाला आहे. कुणाला ताप आला, कुणाची शेळी अडली, कुणाला बारावीचा पेपर गाठायचा आहे, हाक मलाच येते. जातो. नाही म्हणता येत नाही आणि म्हणावेसे वाटतही नाही. पण माझी गाडी पंक्चर असेल त्या दिवशी काय?

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सांगणे. परवा ग्रामसभेत एक सदस्य सहज म्हणाले, "आता वस्तीला गाडी झालीय, रस्त्याची तेवढी घाई नाही." मी उठून बोललो, जरा जास्तच बोललो असेन. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना काढली, तेव्हा शेजारच्या गावांनी पाणंदी मोजून घेतल्या, अतिक्रमणे समजुतीने काढली आणि प्रस्ताव पाठवले. आमची पाणंद नकाशावर आहे, जागेवर निम्मी बांधात गेली आहे. दोन्ही बाजूंचे बांध कुणाचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला एक बांध माझ्या चुलत्यांचा आहे, तोही सांगून टाकतो. त्यांनी मोजणीला तयारी दाखवली आहे. दुसऱ्या बाजूचे अजून बोलले नाहीत. त्यांची सून म्हणजे जुलैत जिला खाली नेले तीच.

मोजणीचा अर्ज आम्ही दसऱ्याच्या आधी दिला. आई मात्र अजून गाडीच्या पुढच्या सीटवर बसत नाही. हौद्यात गोणीवर बसते, म्हणते, "इथून वाट दिसती."